वारलूभाऊचा जपानी 'हाय'

आरमोरीहून जपानला जाऊन आलेला माणूस मला ठाऊक आहे तो एकच, आणि तो माझा सख्खा थोरला भाऊ वारलू. त्याच्याबद्दल गावात इतक्या गोष्टी पसरल्या आहेत की विचारू नका. कोणी म्हणतं, तिकडे त्यानं साप खाल्ला. कोणी म्हणतं, तिकडे त्याची दुसरी बायको आहे. साप त्यानं खाल्ला नाही. आणि बायकोचं म्हणाल तर, जिच्यापायी त्याच्यावर तिकडेच राहायची वेळ आली होती ती साठी ओलांडलेली म्हातारी होती. तिचं नाव तोमे. मी शाळेत शिकवते. चुकीचं उत्तर फळ्यावर तसंच राहिलेलं मला बघवत नाही, म्हणून खरं काय ते लिहून ठेवते.

चोपन्न-पंचावन्नच्या सुमारास आमच्या चांदा जिल्ह्यात सरकारी लोकांच्या तोंडी एकच जप होता, जपानी पद्धतीची भातशेती. म्हणजे काय, तर धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, दोरी लावून सरळ ओळीत करायची आणि ओळींमधून कोळपं फिरवायचं. आमच्याकडच्या रोवणाऱ्या बाया ती दोरी बघून पोट धरून हसायच्या. "आमच्या डोळ्यात दोरी नाई का?" असं त्यांनी ग्रामसेवकाला तोंडावर विचारलं होतं. दोरी लावून रोवणा केला तो एकट्या वारलूभाऊनं. त्याला फार हौस होती असं नाही. कोणाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं, एवढंच. ग्रामसेवकानं म्हटलं लाव, यानं लावली. धान बरं झालं. पुढच्या साली कोणी साहेब आले, म्हणाले जपानला जाशील का, तिथल्या एका खेड्यात राहून काम शिकून ये. यानं मान हलवली. घरी आल्यावर चंदावहिनीनं विचारलं, "जपान कुठी हाय?" तर म्हणे, "विचारलं नाई."

मायनं मात्र तीन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. आमचे वडील गेले तेव्हा मी रांगत होते आणि भाऊ औतामागे चालू लागला होता. त्या घराचा आधार म्हणजे तो. वडशाच्या स्टेशनवर त्याला सोडायला गेलो तेव्हा माय एवढंच बोलली, "वापस येजो, बाप्पा." गाडी हलली तशी ती फलाटावरच खाली बसली. तिला उठवून बैलबंडीत बसवताना माझीसुद्धा पुरेवाट झाली.

आता इथून पुढचं मी भाऊच्या तोंडून ऐकलेलं सांगते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. भाऊ सांगतो तेव्हा तिकडची सगळी माणसं आमच्याच बोलीत बोलतात. तोमेबाई जपानीत काय म्हणाली ते त्यालाही आता आठवत नाही. जे आठवतं ते झाडीतल्या मराठीत आठवतं.

बोटीनं तो गेला. तिथल्या मोठ्या शहरात चार आठवडे त्याला आणि आणखी काही हिंदुस्थानी पोरांना जपानी शब्द शिकवले. बाकीचे रडकुंडीला आले, आमचा गडी मात्र खूश. कारण पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, इथे होकार द्यायचा तर 'हाय' म्हणायचं, आणि नकार असेल तर शेवटी 'नाई' लागतं. भाऊला वाटलं, अरे, हे तर आपलेच लोक. आरमोरीत कोणी विचारलं, "घरी हाय का?" तर आपण म्हणतोच, "हाय." नसलं तर "नाई." बाकीची भाषा शिकायची गरजच काय, असं म्हणून त्यानं कान बंद केले. माणसाला अर्धवट कळण्यासारखी वाईट गोष्ट नाही. माझ्या वर्गातही हेच होतं.

मग त्याला ओकायामा नावाच्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाठवलं. चारही बाजूंनी टेकड्या, मधे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, वर पाणी साठवायची लहान तळी. आमच्या बोड्यांसारखीच. तोमेबाईच्या घरी त्याची सोय केली होती. नवरा आधीच गेलेला. एकुलता मुलगा ब्रह्मदेशच्या लढाईत गेला. घरात ती एकटी, गोठ्यात एक गाय, आणि घरामागे थोडी जमीन. पहिल्या संध्याकाळी तिनं त्याच्यापुढे भात, मुळ्याचं लोणचं आणि मासा ठेवला. हा लाजून बसून राहिला. तिनं विचारलं, "ताबेनाई?" म्हणजे, जेवत नाहीस का? आमच्याकडे आईनं विचारलं, "जेवाचं नाई का?" तर पोरगं काय म्हणेल? "हाय." म्हणजे जेवायचं आहे. भाऊ म्हणाला, "हाय." तोमेबाईनं मान लववली आणि ताट उचलून नेलं.

तिकडचा 'हाय' निराळा आहे. तू म्हणतोस ते बरोबर, असा त्याचा अर्थ. जेवत नाहीस का असं विचारलं आणि हाय म्हटलं, तर झालं, बरोबर, जेवत नाही. तीन रात्री माझा भाऊ उपाशी झोपला. चौथ्या दिवशी त्यानं विचारायच्या आधीच "ताबेरू, ताबेरू" म्हणजे 'जेवतो, जेवतो' असा धोशा लावला, तेव्हा पोटात अन्न गेलं. पण त्यातून धडा त्यानं घेतला तो भलताच. त्याला वाटलं, या देशात जेवण मोठ्यानं मागावं लागतं.

अंघोळीचंही तसंच. लाकडाच्या पिंपात गळ्याइतकं कढत पाणी, त्यात बसायचं. वैनगंगेत डुंबणाऱ्या माणसाला ते कसं कळावं? भाऊ पिंपाबाहेर उभा राहून तपेलीनं अंगावर चारदा पाणी घ्यायचा आणि परत यायचा. तोमेबाईला वाटलं, पाण्याला भितो बिचारा. एका संध्याकाळी तिनं त्याच्यासमोर बाही वर करून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, हसली, बाहेर काढून दाखवला. लहान पोराला दाखवावं तसं. तो आत उतरला आणि इतका वेळ बसला की शेजारणीला हाक मारून बघायची वेळ आली.

गावातली पोरं त्याच्या मागे "इंदोजिन, इंदोजिन" करत हिंडायची. इंदोजिन म्हणजे हिंदुस्थानी माणूस. त्यानं नेलेल्या तिखटाच्या पुडीनं तोमेबाई शिंकून शिंकून बेजार झाली, तरी दुसऱ्या दिवशी तिनंच ती पुडी त्याच्या पानाशेजारी आणून ठेवली. मे महिन्यात त्याला तापानं घेतलं. गादीवर पडून तो छताकडे बघत होता, आणि तोमेबाई वाडगा घेऊन आली. आत काय, तर पेज. आपली तांदळाची, पातळ, गरम, मीठ घातलेली पेज. आमची माय करते तशीच. भाऊ सांगतो, "मले रडू आलं वं मनकर्णा. बाई घाबरली, तिले वाटलं, आजार वाढला." ती रात्रभर त्याच्या उशाशी बसली. भाषा दोघांत किती, तर वीस-पंचवीस शब्द. तेवढ्यावर त्या बाईनं माझ्या भावाला बरं केलं. तिचं मुख मी कधी पाहिलं नाही, पण तिचं नाव निघालं की माझे हात आपोआप जुळतात.

बरा झाल्यावर भाऊला घरात बसवेना. कोणाची बांधी नीट करायची असली, कोणाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, फुटला, की हा फावडं घेऊन हजर. आरमोरीत तसंच असतं. शेजाऱ्याचा धुरा फुटला तर विचारतं कोण? जायचं, माती टाकायची, पाणी पिऊन यायचं. तिथे मात्र तो गेला की त्या घरची माणसं गोंधळून जायची, पुन्हा पुन्हा वाकायची, आणि दुसऱ्या सकाळी तोमेबाईच्या दारात मुळे, अंडी, नाहीतर सोयाबीनचं ते पांढरं मऊ पनीर येऊन पडायचं. भाऊला वाटलं, हा बोजारा. आमच्याकडे रोवणा संपला की मालक रोवणाऱ्यांना खाऊपिऊ घालतो, त्याला बोजारा म्हणतात. मग काय, याला आणखी उत्साह. सगळ्या गावाच्या बांध्यांत पाय घालून झाले.

रोवण्याच्या आधी एका दुपारी तोमेबाईच्या घरी बैठक भरली. गावचा मुखिया ओकादा, त्याला भाऊ ओकादा पाटील म्हणायचा, तो आला. शेजारी आले. आणि मोठ्या शहरातून तोमेबाईचा पुतण्या आला, बूट घातलेला. भाऊला एवढंच कळलं की काहीतरी गंभीर चाललं आहे. पुढे कळलं ते असं, की त्या गावात रोवणा एकमेकांच्या मदतीनं होतो. आज तुमचं घर माझ्या बांधीत, उद्या माझं तुमच्या. ज्या घरात काम फेडायला धट्टाकट्टा माणूस नाही, त्यानं दुसऱ्यांना कसं बोलवायचं? तोमेबाईची दोन सालं कशीबशी निभली होती. पुतण्याचं म्हणणं, आता पुरे झालं, जमीन दुसऱ्याला द्या, माझ्याकडे शहरात राहायला चला. तोमेबाई मान खाली घालून बसली होती. ते घर, ती गाय, मुलाच्या फोटोपुढचा दिवा, हे सोडून तिला दुसऱ्याच्या दोन खोल्यांत जायचं नव्हतं. पण तोंडानं ती बोलेना.

मग ओकादा भाऊकडे वळला. वारलूचं तिकडे 'वारारू सान', म्हणजे वारारूजी, झालं होतं. हळू, एकेक शब्द सुटा करून त्यानं विचारलं, "वारारू सान, काएरानाई?" काएरू म्हणजे परत जाणं, हे भाऊला ठाऊक होतं. पुढचा नाई तर आपलाच. परत जायचं नाही का? या माणसाला माझी काळजी आहे, असं भाऊला वाटलं. परत जायचं नाही कसं? माय वाट बघते, चंदा बघते.

"हाय," तो ठासून म्हणाला.

ओकादानं पुन्हा विचारलं, "काएरानाई ने?"

"हाय, हाय!"

खोलीतली सगळी माणसं एकदम जमिनीपर्यंत वाकली. पुतण्यानं बराच वेळ भाऊकडे पाहिलं, मग तोही वाकला, आणि चहा पिऊन गाडीला निघून गेला. तोमेबाई उठून स्वैपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भाऊलाही बरं वाटलं. परत जाण्याच्या नुसत्या गोष्टीनं लोकांना एवढा आनंद होतो, किती भली माणसं! मी त्याला विचारलं, "अरे, तुले जरासाही संशय नाई आला?" म्हणतो, "लाडू होते वं समोर. तांदळाचे. माझं ध्यान तिथी होतं."

रोवणा झाला. तोमेबाईच्या बांधीत सगळं गाव उतरलं आणि ती स्वतः दोरीचं टोक धरून उभी राहिली. त्या उन्हाळ्यात ती मोठ्यानं हसायला लागली असं शेजारणी म्हणायच्या. मुलाचा गवताचा रेनकोट आणि टोपी तिनं भाऊला दिली. पुढच्या साली वरच्या तळ्याकडची पडीक बांधी करू, असं ती हातानं दाखवायची, आणि भाऊ म्हणायचा, "हाय." पुढच्या साली ही बाई करेल, असं त्याला वाटायचं.

ऑक्टोबरात जिल्ह्याहून मोरी नावाचा एक अधिकारी आला. मोरी! हे नाव ऐकून चंदावहिनी आणि मी इतक्या हसलो की भाऊ रुसून अंगणात जाऊन बसला. हा मोरी कुठल्याशा कॉलेजात हिंदी शिकला होता आणि पुस्तकासारखं हिंदी बोलायचा. आल्या आल्या भाऊला म्हणाला, "सुना है, आप अब लौटेंगे नहीं. यह आपका बहुत बड़ा निर्णय है."

"कोन बोला?" भाऊनं विचारलं.

"आपने. सबके सामने."

मोरीनं त्याला 'हाय'चा अर्थ समजावून सांगितला. पहिल्या तीन रात्रींची भूक तेव्हा कुठे भाऊच्या डोक्यात शिरली. आणि लगेच दुसरं सगळंही शिरलं. तोमेबाईनं गाव सोडलं नाही, जमीन दिली नाही, पुतण्याला परत पाठवलं, हे सगळं त्याच्या एका शब्दावर. धान निघालं की त्याला बोटीवर चढायचं होतं. मग हिचं काय? पुतण्या येणार आणि हिला घेऊन जाणार, आणि या खेपेला गावही काही बोलू शकणार नाही.

त्यानं मोरीला विनवलं, तुम्हीच तिला सांगा. मोरीनं नकारार्थी मान हलवली. हे परक्यानं सांगायचं नसतं, म्हणाला. खरं होतं ते. भाऊ नऊ दिवस तोंड चुकवत राहिला. दिवसभर लोकांचं धान कापायचा, संध्याकाळी खाली मान घालून जेवायचा. एकदा त्याच्या मनात आलं, राहूनच जावं. आरमोरीत मनकर्णा आहे, ती मायकडे बघेल. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. पण मग कळलं. जिनं पेज पाजून उठवलं तिला फसवून निघायचं, हे त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी तोमेबाई मुळा चिरत असताना तो समोर जाऊन बसला. होते तेवढे शब्द त्यानं गोळा केले. मी परत जातो. आई आहे. आई वाट बघते. माझं हाय चुकीचं. माफ करा. तोमेबाईचा सुरा थांबला नाही. मुळा चिरून झाला, तिनं तो पाण्यात टाकला आणि म्हणाली, "हाय." बस, एवढंच. त्या रात्री तिनं त्याच्यासाठी नेहमीपेक्षा जास्त भात वाढला.

दुसऱ्या सकाळी ती स्वतःच ओकादाकडे गेली. पुन्हा बैठक भरली. पुतण्याला कळवायचं का, हा प्रश्न होता. भाऊ दाराशी मान खाली घालून बसलेला, आपल्याला चोर म्हणतील या तयारीत. तेवढ्यात कोपऱ्यातला एक म्हातारा बोलला. वादळात माझा धुरा फुटला तेव्हा या इंदोजिननं रात्री पाण्यात उभं राहून माती टाकली, ते काम मी अजून कुठे फेडलंय? त्याच्या शेजारची बाई म्हणाली, आमची तर अख्खी वरची बांधी यानंच नीट केली, मी चार मुळे दिले, मुळ्यानं काय फिटतं? मग एकेक जण बोलू लागला. तिथे प्रत्येक घर कोणाचं किती काम अंगावर आहे हे विसरत नाही. आणि भाऊ बोजाऱ्याच्या लोभानं म्हणा, स्वभावानं म्हणा, सगळ्यांच्याच बांधीत उतरला होता.

ओकादा पाटलानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हा माणूस तोमेच्या घरचं खाऊन आपल्याकडं राबला. म्हणजे तोमेचं घर राबलं. त्याची फेड तोमेच्या बांधीत होईन. ती जिती हाय तोवर होईन." आरमोरीच्या बोलीत ओकादा असं बोलला, असं भाऊचं म्हणणं आहे. मला त्यात काही खोटं दिसत नाही. कोणी काही लिहून घेतलं नाही, हातावर हात मारला नाही. सगळे वाकले आणि उठले.

भाऊ निघायच्या आदल्या आठवड्यात, धान निघालेल्या बांधीत जव पेरायचा होता. सकाळी उठून तो बाहेर आला तर तोमेबाईच्या बांधीत माणसंच माणसं. कोणी न बोलावता आलेली. दुपारच्या आत पेरणी आटोपली. भाऊला कोणी हात लावू दिला नाही. धुऱ्यावर बसवलं आणि हातात चहा दिला. तो सांगतो, "आयुष्यात मी येवढा चहा पिऊन राह्यलो नसन, अन् येवढा रडलोही नसन."

त्या संध्याकाळी तोमेबाई त्याच्याशी बोलली. थोडे शब्द, थोडे हातवारे. पण भाऊला सगळं कळलं. ती म्हणाली, "तुले समजलं नव्हतं, हे मले त्याच दिवशी समजलं होतं. तू लाडवाकडं पाहून राह्यला होता. आधी तीन दिवस उपाशी झोपला तेव्हाही मले मागून समजलं. तुझा हाय उलटा हाय, मले ठाऊक होतं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"कोणी तरी म्हटलं ना, मी जात नाई म्हणून. माझा पोरगा स्टेशनवर मले म्हणाला होता, येतो. तो आला नाई. तू म्हणाला, जात नाई. खोटं का होईना, ऐकाले बरं वाटलं. त्या हायवर मी यंदाचा रोवणा केला."

निघायच्या सकाळी सगळं गाव रस्त्यावर आलं. तोमेबाई दारात उभी. भाऊनं आपल्या रीतीप्रमाणे वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिकडे असं कोणी कोणाच्या पायाला शिवत नाही. ती दचकली, आणि मग तीही त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि कपाळ मातीला टेकवून वाकली. ती वाकलेली म्हणून हा उठेना, हा उठत नाही म्हणून ती उठेना. शेवटी ओकादा पाटलानं येऊन दोघांना दंडाला धरून उभं केलं, कारण बस निघाली होती.

भाऊ परत आला तोवर आमचं राज्य बदललं होतं. गेला तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो, आला तेव्हा मुंबई राज्यात. पण माय वडशाच्या स्टेशनवर त्याच जागी बसली होती. घरी आल्यावर जेवण झालं, शेजारपाजार गेला, आणि मायनं हळूच विचारलं, तिथी तुले जेवाले कोण वाढत होतं? भाऊनं मग सगळं सांगितलं. पेज, हाय, पुतण्या, सगळं. माय ऐकत होती. नऊ-दहा महिने जिनं रोज संध्याकाळी वाटेकडे डोळे लावले होते, ती माझी माय मधेच त्याला थांबवून म्हणाली, "अन् मंग तू आला काऊन रे?"

चंदावहिनी भांडी टाकून दाराशी आली.

"म्हातारीनं तुले पेज पाजली. तू हाय म्हणाला. अन् तिले तशीच टाकून आला?"

भाऊनं घाईघाईनं गावाची बैठक सांगितली, जवाची पेरणी सांगितली. कोण कोण आलं, कोणी कुठली ओळ धरली, सगळं. मायनं प्रत्येक नाव दोनदा विचारून घेतलं. तिला ती नावं म्हणता यायची नाहीत, पण ऐकून घेतली. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "चांगली माणसं हायेत बाप्पा. देव त्याईचं भलं करो."

सरकारला वाटलं होतं, भाऊ जपानी पद्धत शिकून येईल. आला तोही शिकूनच. पण आमच्या आळीत दोरीचा रोवणा अजूनही मोजकेच करतात. भाऊनं केलं ते एवढंच, की दरवर्षी आपल्या बांधीच्या आधी तो आळीतल्या एकट्या राहणाऱ्या नीलाबाईच्या बांधीत उतरतो, आणि पाठोपाठ बाकीच्यांनाही उतरावं लागतं. नाहीतर भाऊ काही न बोलता त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो आणि ते फार अवघड जातं.

मायचं मात्र वेगळंच झालं. दरवर्षी रोवण्याच्या पहिल्या दिवशी ती धुऱ्यावर उभी राहते. बाया पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या टाकून तयार असतात, पाणी सोडलेलं असतं, सगळे तिच्याकडे बघत असतात. ती भाऊला विचारते, "तोमेबाईचा रोवणा झाला असन का रे?"

"झाला असन माय. त्याईचा आपल्या आधी होते."

"कोण कोण आलं असन?"

मग चिखलात उभा राहून माझा भाऊ त्या गावची नावं घेतो. ओकादा, निशी, फुजी, मियाके, वरच्या तळ्याजवळचा तो म्हातारा, त्याच्या शेजारची बाई, एकही घर न गाळता. ती परकी नावं ऐकून बाया आधी हसायच्या, आता हसत नाहीत. नावं सगळी घेऊन झाली की मगच माय बांधीत पाय टाकते.